सुमंगलाबाईंचं विसरणं

१

समीक्षानं डबी मेजावर उलटी केली, तळव्यानं ठोकली, पुन्हा सरळ करून आत पाहिलं. कार्डं दोनच होती.

"तीन ठेवली होती मी," ती रडवेली होऊन म्हणाली. "गौरवी, तू पाहिलंस ना? तीन!"

गौरवीनं पाहिलं होतं. पाहणं हेच तिचं काम होतं. सिनेमाच्या सेटवर ती कंटिन्युइटी सांभाळायची. म्हणजे एका शॉटमध्ये कपाचा कान उजवीकडे असला तर पुढच्या शॉटमध्येही तो उजवीकडेच आहे ना, पदर त्याच खांद्यावर आहे ना, समईत वाती तेवढ्याच आहेत ना, याचा हिशेब वहीत ठेवायचा. कॅमेऱ्यातून काढलेली तीन कार्डं समीक्षानं डबीत ठेवताना तिनं पाहिलेली होती. प्रत्येकावर लाल पट्टी आणि पट्टीवर मुंगीएवढ्या अक्षरांत शॉटचा नंबर. बारा वाजता केरी गावची लाईट गेली, त्यामुळे कार्डांवरचं चित्रीकरण कॉम्प्युटरवर उतरवायचं राहिलं. सव्वाला जेवणाची सुट्टी झाली. अडीचला लाईट आली तेव्हा एक कार्ड नाहीसं झालं होतं.

"कुठलं गेलं?" दिग्दर्शक विशाल कोरगावकर दारातूनच ओरडला.

"बारा-ड. जयरामबाबांचा क्लोजअप."

विशाल मटकन खुर्चीत बसला. आजच्या दिवसातला तोच शॉट त्याच्या जिवाचा होता. "लाईट आली की मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दाखवतो," असं तो जेवणाआधी चार वेळा म्हणाला होता.

युनिटची वीसेक माणसं समोरच्या सुरूंच्या सावलीत, मांडवात जेवत होती. गौरवी आणि समीक्षाही तिथंच होत्या, घराच्या पुढच्या दाराकडे तोंड करून. मागच्या दाराला आतून अडसर होता. जेवणाच्या वेळी घरात चारच माणसं होती. विशाल, दोघं म्हातारे नट, आणि नुकताच वाळपईहून आलेला दत्तप्रसाद.

हा सिनेमा जरा वेगळा होता. सुमंगलाबाई मांद्रेकर त्यात सुमंगलाबाई मांद्रेकरच होत्या, आणि चित्रीकरण त्यांच्याच केरीच्या घरात चाललं होतं. जयराम गांवस हे जयराम गांवस होते. चाळीस वर्षं पेडण्यापासून डिचोलीपर्यंत देवळादेवळांतल्या उत्सवी नाटकांत ही जोडी राजा-राणी म्हणून उभी राहिली होती, तेही सिनेमात खरंच होतं. सुमंगलाबाईंचा मुलगा दत्तप्रसाद सरकारी कचेरीतून रजा काढून मुलाचंच काम करत होता. रचलेली गोष्ट एकच. सिनेमातल्या सुमंगलाबाईंची स्मरणशक्ती जात चाललेली असते, आणि सिनेमातले जयराम रोज त्यांच्यासमोर बसून जुन्या नाटकांतली वाक्यं त्यांना आठवून देतात.

शोध सुरू झाला. चटया उचलल्या, जनेलांच्या, म्हणजे खिडक्यांच्या, कडा चाचपल्या, पावांच्या टोपल्यासुद्धा पालथ्या केल्या. शेवटी दत्तप्रसादनं आईच्या खाटेवरचा कापडी बटवा उचलला. सुपारी, रुमाल, देवाचा अंगारा, आणि त्यांच्या मधोमध लाल पट्टीचं कार्ड.

"आई?"

सुमंगलाबाईंनी त्याच्या तळहातावरच्या कार्डाकडे पाहिलं. मग सगळ्यांकडे. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"असात रे. मीच घेतलं असात. माका आठवत नाय."

२

कार्ड सुखरूप होतं, पण सुटकेचा निःश्वास कुणीच टाकला नाही. माणसं एकेक करून खोलीतून बाहेर पडली, एखाद्याच्या घरी समाचाराला गेल्यावर पडतात तशी.

आणि मग प्रत्येकाला काही ना काही आठवायला लागलं. मेकअपवाला म्हणाला, मागच्या आठवड्यात बाईंनी एकच गोष्ट दोनदा विचारली होती. ध्वनिमुद्रक म्हणाला, आजचंच घ्या. क्लोजअपच्या वेळी बाई कॅमेऱ्यामागे बसून आपली वाक्यं बोलत होत्या. थांबायचं तिथं थांबल्या. पुढची ओळ जयरामबाबांची. जयरामबाब गप्प. केवढे सुंदर गप्प! अकरा सेकंद नुसते समोर बघत राहिले. आणि मध्येच बाईंनी जयरामबाबांची ओळ बोलून टाकली. शॉट तिथंच तुटला.

गौरवीलाही ते आठवत होतं. विशाल म्हणाला होता, "ताई, ती ओळ बाबांची ना?" आणि सुमंगलाबाई हसून म्हणाल्या होत्या, "हय की रे. चुकलंच माझं." तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं होतं.

"चार आठवडे मी त्याला अभिनय समजत होतो," विशाल भिंतीकडे बघत म्हणाला. "टेक झाला की टाळ्या वाजवत होतो मी, गौरवी. एका आजारी बाईच्या आजारपणाला."

दत्तप्रसादनं निर्णय घेऊन टाकला होता. "उद्या सकाळी मी आईला वाळपईला नेतो. आता सिनेमा नाही, नाटक नाही, काही नाही. तिनं गप्प घरी बसावं. लोकांनी तिला बघून कुजबुजलेलं मला चालणार नाही."

"पण सिनेमा…" समीक्षा म्हणाली.

"सिनेमापेक्षा आई मोठी."



गौरवी मागच्या पायरीवर जाऊन बसली. तिचे वडील सावंतवाडीकडून येऊन डिचोलीत खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर झालेले. दिवसभर लाल धुळीत माखलेला तो माणूस उत्सवाच्या दिवशी मात्र पांढरा सदरा घालून, आठ वर्षांच्या गौरवीला खांद्यावर घेऊन सुमंगलाबाईंचं नाटक बघायला जायचा. राणी रंगमंचावर आली की त्याचा खांदा ताठ व्हायचा, तो ताठपणा गौरवीला अजून अंगाला जाणवायचा. त्या राणीला उद्या गाडीत घालून नेणार होते, आणि ती काही न बोलता जाणार होती.

तिनं डोळे पुसायला रुमाल काढावा म्हणून खांद्यावरच्या पिशवीत हात घातला. हाताला चष्म्याचं घर लागलं.

सुमंगलाबाईंचा चष्मा. सिनेमात त्या चष्मा लावत नसत. सकाळी शॉटआधी तो काढून त्यांनी गौरवीच्या हाती दिला होता, नेहमीसारखा. गौरवीनं तो पिशवीत टाकला होता, नेहमीसारखा. जेवणाच्या गडबडीत परत द्यायचा राहून गेला. पिशवी तर मांडवात तिच्या मांडीवर होती.

गौरवी ताडकन उठली. चष्म्याशिवाय सुमंगलाबाईंना ताटातला मासा आणि काटा वेगळा ओळखता येत नसे. मग एकसारख्या तीन कार्डांतून, मुंगीएवढी अक्षरं वाचून, नेमकं तेच कार्ड त्यांनी उचललं कसं?

३

"त्यांनी नाही घेतलं," तिनं विशालला सांगितलं. "दुसऱ्या कुणीतरी घेतलं. आणि ज्यानं घेतलं त्याला तेच कार्ड हवं होतं."

विशालनं खुर्ची तिच्याकडे वळवली. "मग ताई स्वतःच का कबूल झाल्या?"

"तेच मला शोधायचंय. मला संध्याकाळपर्यंत वेळ दे."

"विचार ज्याला विचारायचं त्याला. तुझ्या वहीवर माझा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे."

ती आधी दत्तप्रसादकडे गेली. तो आईच्या साड्यांच्या घड्या घालत होता. चांगला माणूस, पण घाबरलेला. घाबरलेली चांगली माणसं काय काय करतात ते गौरवीनं पाहिलेलं होतं.

"सिनेमा बंद पडावा असं तुम्हाला पहिल्यापासून वाटत होतं, नाही?"

"होय," तो सरळ म्हणाला. "शूटिंग बघून लोक तिला रस्त्यात विचारतात, बाई, आता कसं वाटतं? सिनेमातलं आणि खरं त्यांना वेगळं कळत नाही. पण कार्ड मी घेतलं म्हणायचं असेल तर ऐका. मी दीडला पोचलो. सकाळी काय शूट झालं ते मला ठाऊक नव्हतं. आणि मला सिनेमा बुडवायचा असता तर मी एकच कार्ड कशाला घेईन? तिन्ही घेऊन खाडीत टाकली असती."

हे खरं होतं. गौरवीनं मनातल्या मनात त्याच्या नावावर काट मारली.

समीक्षाचं बोट दुसरीकडेच होतं. "माझं नाव सांगू नकोस," ती कुजबुजली, "पण विशालचा विचार कर. विसरणाऱ्या नटीचं काम करणारी नटी खरंच विसरते, ही बातमी बाहेर पडली तर हा सिनेमा सगळीकडे गाजेल. कार्ड बटव्यात टाकायला किती वेळ लागतो?"

गौरवीला ते पटलं नाही, पण तिनं विशालला तोंडावर विचारलं. तो चिडला नाही. उलट थकून हसला.

"अगं, ताईंना विसरणाऱ्या बाईची भूमिका द्यायचं माझ्या मनातही नव्हतं."

"म्हणजे?"

"मूळ कथेत विसरणारे जयरामबाब होते. आठवून देणाऱ्या सुमंगलाताई. पहिलं वाचन झालं, दुसऱ्या दिवशी ताई एकट्याच माझ्याकडे कोरगावला आल्या. म्हणाल्या, बदल. विसरणारी मला कर, आठवून देणारा त्याला. नाहीतर आम्ही दोघंही नाही. मला वाटलं, मोठी भूमिका हवी असेल. नटांचं असतंच तसं. मी बदललं."

"जयरामबाबांना हे माहीत आहे?"

"ताईंनी शपथ घातली होती, त्यांना सांगायचं नाही."

४

जयरामबाब व्हरांड्यात एकटेच बसले होते. चौऱ्याहत्तरीतही पाठ ताठ. गौरवी दिसताच त्यांनी बाकावर जागा करून दिली.

"ये गो समीक्षा, बस."

"मी गौरवी, बाबा."

"तेच ता. तुम्ही दोघी सारख्याच दिसतात माका." ते हसले. "सुमंगला कशी आसा?"

"झोपल्यात. बाबा, तुम्हाला काय वाटतं? ताईंनी घेतलं असेल ते?"

त्यांच्या हनुवटीखालची शीर एकदा हलली. "मी काय सांगू? मनुष्य विसरता." मग विषय बदलल्यासारखे म्हणाले, "तू डिचोलीची मा गो? डिचोलीक एकदा आमचो प्रयोग होतो. ऐन तिसऱ्या अंकात माझी कमरेची तलवार निखळून पडली. लोक हसूक लागले. ही उठली, तलवार उचलली, कपाळाक लावली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, महाराज, आपण शस्त्र ठेवलंत, मी ठेवू देणार नाही. नाटकात नव्हतं हां ता! जागेवर रचलान. मांडव असो गप्प झालो, की पानाचो आवाज ऐकू येय."

साल, गाव, पुढच्या रांगेत कोण कोण बसलं होतं, सगळं त्यांनी सांगितलं. गौरवी भारल्यासारखी ऐकत राहिली. एवढी लख्ख आठवण! ती उठली तेव्हा तिच्या मनात संशयाला जागाच उरली नव्हती.

आतल्या खोलीत येऊन तिनं वही उघडली. आता वहीखेरीज विचारण्यासारखं कुणी नव्हतं. सकाळचा प्रसंग बारा. व्हरांड्यात दोघं चहा पीत जुन्या नाटकातलं वाक्य म्हणतात. सुमंगलाबाई म्हणतात, 'ज्या वाटेनं आपण गेलात, त्या वाटेवर मी दिवा ठेवला नाही, महाराज,' आणि अडतात. पुढचं आठवत नाही. मग जयरामबाब आठवण करून देतात, 'मी स्वतः उभी राहिले.' दोघांना एकत्र घेऊन सहा टेक झाले. सातवा क्लोजअपचा.

डाव्या रकान्यात सुमंगलाबाई. पहिला टेक: 'महाराज'वर थांबल्या, नजर समईकडे, मग खाली, बोट कपाच्या कडेवरून अर्धं फिरून थांबलं. दुसरा टेक: तेच. तिसरा: तेच. चौथा, पाचवा, सहावा: तेच, तेच, तेच. थांबण्याच्या जागेचा नाही, बोटाच्या पेराचा फरक नाही.

 ज्याला खरंच आठवत नाही तो दर वेळी नव्या जागी अडखळतो. सहा वेळा त्याच जागी, त्याच बोटानं, तेवढाच वेळ विसरायचं म्हणजे सगळंच्या सगळं लक्षात असावं लागतं. चार आठवडे सबंध युनिट ज्याला आजार समजत होतं ते असं घडवलेलं होतं, आणि तिनं स्वतःच्या हातानं त्याची नोंद ठेवली होती, न कळता.

फरक एकच होता. दुसऱ्या टेकपासून पुढे सुमंगलाबाई थांबल्यावर पुटपुटल्या होत्या, 'मी… मी…' संहितेत ते नव्हतं. विशालला आवडलं, त्यानं ठेवलं. पण पहिल्या टेकमध्ये का नव्हतं? समोर गौरवीचीच टीप होती: 'पहिला टेक. जयरामबाब फार वेळ थांबले. कट.'

तिचं बोट उजव्या रकान्यावर गेलं. जयरामबाबांच्या.

पहिला टेक: कप उजव्या हातात. दुसरा: डाव्या. तिसरा: कप जमिनीवर. चौथा: उजव्या. पाचवा: कप उचललाच नाही. सहावा: डाव्या. प्रत्येकापुढे तिनं वैतागून लिहिलं होतं, 'सांगितलं, पुन्हा चुकले.'

गौरवीनं वही मिटली. चार आठवडे ती चुकीच्या माणसाकडे बघत होती.

५

सुमंगलाबाई खोलीत नव्हत्या. फेरीबोटीच्या धक्क्यावर सापडल्या, खाडीपलीकडच्या तेरेखोलच्या किल्ल्याकडे तोंड करून बसलेल्या. ऊन उतरलं होतं. फेरीबोट गाड्या घेऊन संथपणे पलीकडे निघाली होती.

गौरवीनं न बोलता चष्मा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लावला, तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि ओळखलं.

"कळला तुका."

"थोडं. ताई, 'मी… मी…' हे विसरणं नव्हतं. ते तुम्ही त्यांना सांगत होता. त्यांच्या ओळीचं पहिलं अक्षर."

त्यांनी चष्म्याची दांडी कानामागे सारखी केली.

"पहिल्या टेकला ते अडले. दुसऱ्यापासून तुम्ही अक्षर दिलंत आणि ते पुढची ओळ बरोबर म्हणाले. बघणाऱ्याला वाटलं, ते तुम्हाला आठवण करून देताहेत. क्लोजअपच्या वेळी ध्वनिमुद्रकानं तुम्हाला ताकीद दिली, मध्ये आवाज नको. तुमचा चेहरा कॅमेऱ्याआड. त्यांना अक्षर मिळालं नाही. त्या अकरा सेकंदांत ते अभिनय करत नव्हते, ताई. त्यांना काहीच आठवत नव्हतं. म्हणून शेवटी ओळ तुम्ही बोललात आणि चूक स्वतःवर घेतलीत. मग विशाल म्हणाला, हे सगळ्यांना मोठ्या पडद्यावर दाखवणार. समीक्षानं कॅमेऱ्यातून कार्ड काढून त्यावर पट्टी लावली ती जयरामबाबांच्या समोर, तीन हातांवर. कुठलं कार्ड ते त्यांना नेमकं ठाऊक होतं."

सुमंगलाबाईंनी पदर खांद्याभोवती ओढून घेतला.

"जेवून हात धुवूक मागल्या खोलीकडे गेलंय," त्या सांगू लागल्या, "तर हो आतल्या पायरीवर बसलेलो. हातात ता लाल पट्टीचा. माका विचारता, सुमंगले, ह्या काय गो? माझ्या खिशात कसा इला?" त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "भियान चोरलान. आणि पायरीपर्यंत येईस्तोवर चोरलेला विसारलो. मी काढून घेतलंय. परत ठेवूक जातंय तर समीक्षाची आरडाओरड सुरू. घाईत बटव्यात टाकलंय."

"किती दिवस चाललंय हे?"

"दोन वर्षां जाली. जुना सगळा आठवता त्याका, पन्नास वर्षांचा. कालचा आठवत नाय. त्याका बायको नाय, पोरां नायत. नाटक गेला तर काय रवतला त्याच्याकडे? म्हणून मी शिकलंय. त्याच्या ओळीचा पहिला अक्षर माझ्या ओळीच्या शेपटाक बांधायचा. लोकांका कळता नये, आणि… त्याकाय कळता नये."

 दोन वर्षं, प्रयोगामागून प्रयोग, ही बाई स्वतःची भूमिका करता करता समोरच्याचीही करत आली होती. विशालची कथा ऐकताच तिनं ओळखलं असणार, की कॅमेरा जयरामचं विसरणं शोधायला लागला तर त्याला ते सापडेल. म्हणून तिनं ते विसरणं स्वतःच्या अंगावर ओढून घेतलं. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलासमोर. इतकं खरं केलं, की मुलानंही खरं मानलं.

"उद्या तुम्हाला वाळपईला नेतील, ताई. लोक तुम्हाला कायमची…"

"म्हणूदेत. माका ठाऊक आसा मी कोण ती. तू बोलू नको, चेडवा. माका वचन दी."

गौरवीनं खाली मान घातली. द्यावं की न द्यावं? तेवढ्यात मागे वाळूत पाय वाजले.

"वचन देव नको तिका," कुणीतरी म्हणालं.

६

जयरामबाब किती वेळ मागे उभे होते कोण जाणे. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. नवं नाटक पहिल्यांदा ऐकताना नटाच्या चेहऱ्यावर येते तशी एकाग्रता होती.

"दोन वर्षां, सुमंगले?"

"जयराम, तू घरात चल आधी."

"माका वाटायचा, हल्ली तू जरा आधीच बोलतस. म्हातारी जाली म्हणून मी सांभाळून घेतंय तुका." ते स्वतःशीच हसले, मग हसू मावळलं. "सकाळी मी विसारतलंय ह्या सगळा. म्हणून आत्ताच. माका त्या कार्डातला दाखवा."

विशाल, समीक्षा, दत्तप्रसाद, गौरवी आणि ती दोघं. एवढीच माणसं घरात बसली. जनेलं लावून घेतली. पांढऱ्या पडद्यावर जयराम गांवसांचा चेहरा आला, माणसाहून मोठा. पलीकडून राणीचा आवाज: '…त्या वाटेवर मी दिवा ठेवला नाही, महाराज.' आणि तो चेहरा रिकामा होऊ लागला. आधी ओठ थांबले. मग नजर कुठंतरी आत शिरली, तिथं काही सापडलं नाही, बाहेर आली. भीती, मग भीतीवर घातलेलं राजाचं मंद हसू, मग तेही सुटलं. अकरा सेकंद.  समीक्षानं गौरवीचा हात घट्ट धरला होता.

पडदा पांढरा झाला तेव्हा पहिल्यांदा जयरामबाबच बोलले.

"पन्नास वर्षां केलंय मी," ते म्हणाले, "पण इतक्या खरा माका कधी जमला नाय." त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं, थक्क झालेपण होतं. मग ते विशालकडे वळले. "वाटेत सुमंगलान सांगला, गोष्ट तिनाच बदलूक लायली. तुझी पयली गोष्ट काय होती? विसरणारो मी?"

विशालनं मान डोलावली. 

"ती कर. लोकांका बघूदेत. लपवूक माझ्याकडे आता वेळ नाय. पण एक सांगतंय, रोज सकाळी माका पयलीपासून सांगायचा लागतला, हो सिनेमा कसलो तो."

दत्तप्रसाद उठून आईसमोर आला.  "आई, मला वाटलं, तू खरंच…"

"तुझ्या दहावीच्या परीक्षेचो नंबर सांगू?" सुमंगलाबाई म्हणाल्या आणि पाच आकडे धडाधड म्हणून दाखवले. "भूमितीच्या पेपराक तुका ताप नव्हतो, ता पण माका ठाऊक आसा." तो हसला आणि हसता हसता तिच्या गुडघ्यावर डोकं टेकवून रडला.

तिसऱ्या दिवशी प्रसंग बारा पुन्हा लावला. संहिता उलटी झाली होती. वाक्य आता राजाचं, आणि आठवण करून देणारी राणी. सकाळी गौरवीनं स्वतः जयरामबाबांना सगळं पहिल्यापासून सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि विचारलं होतं, "आणि सुमंगला आसा मा गो समोर?"

क्लॅप वाजला. सुरूंतून वारा येत होता. जयरामबाबांनी कप उचलला, वाक्य सुरू केलं आणि मध्येच थांबले. कॅमेऱ्यामागे कुणी हललं नाही. सुमंगलाबाईंनी अक्षर द्यायला ओठ उघडले, पण दिलं नाही. त्या वाट बघत राहिल्या.

जयरामबाबांनी समोरच्या बाईकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग राजाच्याच आवाजात, पण कुठल्याच नाटकात नसलेलं बोलले,

"आपण कोण ते आम्हांला आठवत नाही. पण आपल्यासमोर बसलं, की भय वाटत नाही."

सिनेमातला जयराम बोलला, नाटकातला राजा बोलला, की खुद्द जयराम गांवस, हे कुणालाही सांगता आलं नसतं. विशालचा हात वर गेला होता, पण 'कट' त्याच्या तोंडून फुटेना. दत्तप्रसाद खांबाला धरून उभा होता.

सुमंगलाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पदर सारखा केला, मान राणीसारखी उंचावली आणि आपला कप हळूच त्यांच्याकडे सरकवला.

"मग बसा, महाराज," त्या म्हणाल्या. "च्या थंड जाता."